श्रद्धेला पुरावा कधी मागायचा?

‘आईचे प्रेम कुठल्या यंत्राने मोजता येते का? नाही ना? मग देवाचाच पुरावा कशाला मागता?’ श्रद्धा आणि विज्ञान यांवरच्या कुठल्याही चर्चेत हा प्रश्न हमखास येतो. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते : जे सिद्ध करता येत नाही, ते मानायचे कारण नाही. थोड्याच वेळात आवाज चढतात. एक बाजू ‘नास्तिक’ ठरते, दुसरी ‘अंधश्रद्ध’, आणि चहा संपला की सगळे आपापले मत घेऊन घरी जातात. अशा चर्चेत कुणाचे काही बिघडत नाही. रुग्णालयात मात्र हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे त्याचे उत्तर वेळेत द्यावे लागते, कारण ते चुकले तर माणूस जातो.

सरकारी रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात उशीखाली अंगाऱ्याची पुडी सापडते. कुणाच्या दंडाला काळा दोरा असतो, कुणाच्या गळ्यात ताईत, कुणाच्या कपाटावर येशूची लहानशी तसबीर. यांपैकी कशानेही उपचार अडत नाहीत. शस्त्रक्रियेआधी दोरा काढावाच लागला, तर परिचारिका तो जपून नातेवाइकांच्या हाती देते. त्या दोऱ्याचा पुरावा तिथे कुणी मागत नाही आणि मागूही नये. पण त्याच वॉर्डात असाही रुग्ण येतो, ज्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून इन्सुलिन बंद केले आहे. सर्पदंशानंतरचे चार तास मांत्रिकाकडे गेलेला रुग्णही येतो. तिथे पुरावा मागावाच लागतो, आणि तो औषधाला मागतात तितकाच कडक.

दोन्ही ठिकाणी श्रद्धा एकाच जातीची आहे, माणसेही तीच आहेत. फरक आहे तो श्रद्धा काय म्हणते यात. ‘देव माझ्या पाठीशी आहे’ हे एक म्हणणे झाले. ‘हा दोरा बांधला की विष उतरते’ हा दावा आहे. पहिले म्हणणे माणसाच्या मनाविषयी आहे. दुसरे रक्ताविषयी, मज्जातंतूंविषयी, श्वासाविषयी आहे. ज्या क्षणी श्रद्धा शरीराविषयी बोलू लागते, त्या क्षणी ती शरीराच्या नियमांच्या हद्दीत येते. मग तिला वेगळी सवलत मिळू शकत नाही.

भगताचा हिशेब

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. त्यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले. मृतांमध्ये शेतात राबणारी आणि जमिनीवर झोपणारी माणसे मोठ्या संख्येने असतात.

तरीही भगताकडे जाऊन बरे झालेली माणसे गावोगावी भेटतात आणि ती खोटे बोलत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांसारख्या विषारी सापांचाही प्रत्येक दंश विष सोडतोच असे नाही. म्हणजे भगताकडे गेलेल्यांपैकी मोठा भाग मंत्र न घालताही जगणारच होता. वाचलेला माणूस नारळ घेऊन परत येतो आणि चार लोकांना सांगतो. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही. त्याच्याबद्दल ‘उशीर झाला’ किंवा ‘आयुष्य तेवढेच होते’ असे म्हटले जाते. यशाची नोंद भगताच्या नावावर आणि अपयशाची नशिबाच्या नावावर, अशा खतावणीत कुठलाही उपाय यशस्वीच दिसेल.

काविळीच्या माळेचेही तेच. गळ्यात घातलेली माळ दिवसेंदिवस लांबत जाते आणि तसतशी कावीळ ‘उतरते’. माळ लांबते, कारण तिच्यातल्या काड्या वाळतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल होतात. कावीळ उतरते, कारण दूषित पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. पण प्रत्येक कावीळ तशी नसते. पित्तनलिकेत अडकलेला खडा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोगही डोळे पिवळे करतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘हिपॅटायटिस ई’ झाला तर आईच्या जिवावर बेतू शकते. माळेला हे भेद कळत नाहीत.

म्हणून ‘किती जण बरे झाले?’ एवढे विचारून भागत नाही. ‘हा उपाय न करता किती बरे झाले असते?’ हेही विचारावे लागते. औषधांच्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट ठेवतात तो यासाठीच. हा पुरावा नेहमी महागड्या यंत्रातूनच येतो असेही नाही. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिले तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे, सर्पविषविरोधी लस द्यायला हवी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. मण्यारीच्या दंशात मात्र ती उपयोगी नाही. तिथे पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास मंदावणे यांकडे लक्ष ठेवावे लागते. रात्री झोपेत झालेला हा दंश अनेकदा दुखतही नाही, आणि ‘काही झाले नाही’ म्हणत भगताकडे काढलेला वेळ त्यात जीवघेणा ठरतो.

विंचूदंशाबाबत महाराष्ट्राने पुराव्याची ताकद स्वतः पाहिली आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून दंश झालेल्यांची लक्षणे, रक्तदाब, हृदयाची स्थिती बारकाईने टिपली, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना वाचवते हे दाखवून दिले. १९८०च्या दशकात त्यांचे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि गंभीर दंशातले मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे २०११ मध्ये, नुसते प्राझोसिन बरे की जोडीला विंचूविषविरोधी लस दिलेली बरी, याची तुलनात्मक चाचणीही त्यांनी प्रसिद्ध केली. स्वतःच्या यशस्वी उपायालाही पुन्हा कसाला लावणे याला वैज्ञानिक दृष्टी म्हणतात.

प्रार्थनेची चाचणी

यावर श्रद्धावंतांचा एक सरळ प्रश्न असतो : ‘तुम्ही प्रार्थनेची कधी चाचणी तरी घेतलीत का?’ घेतली आहे, आणि एकदा नव्हे. १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी आकडेमोड मांडली होती. राजघराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमधून सतत प्रार्थना होते, मग राजे इतर सधन लोकांपेक्षा जास्त जगायला हवेत. आकडे उलटे निघाले. ही तुलना ढोबळ होती, पण प्रश्न मोजण्याजोगा आहे हे तिने दाखवले.

१९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका रुग्णालयाच्या हृदयरोग अतिदक्षता विभागातल्या ३९३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी दुरून प्रार्थना केली गेली, त्यांना काही बाबतींत थोडा फायदा झालेला दिसला. मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक नव्हता. या अभ्यासाचा पुष्कळ गाजावाजा झाला. अनेक गोष्टी एकाच वेळी मोजल्या की त्यातल्या काही योगायोगानेही चांगल्या दिसतात, ही अडचण बाजूला राहिली.

मग २००६ मध्ये हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी मोठी चाचणी प्रसिद्ध केली. सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण तिच्यात होते. अध्यात्म आणि विज्ञान यांच्या संवादाला पैसा पुरवणाऱ्या टेम्पलटन फाउंडेशनचे तिला साहाय्य होते, त्यामुळे चाचणी धर्मविरोधी हेतूने झाली असे म्हणायला जागा नाही. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही’ असे सांगितले. त्यांपैकी एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असे सांगून ती केली गेली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के होते, म्हणजे फरक नाही. ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्या गटात मात्र ते ५९ टक्के निघाले. ‘आपली प्रकृती इतकी वाईट आहे का, की अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवून घ्यावी लागते?’ या धास्तीचा तो परिणाम असू शकतो, किंवा निव्वळ योगायोगही.

यावर अनेक धार्मिक विचारवंतांनी घेतलेला आक्षेप दखल घेण्यासारखा आहे. देव म्हणजे गोळी नव्हे. ठरावीक मात्रेत, ठरलेल्या दिवशी, अमुक गटाला द्यायची आणि तमुक गटाला नाही, अशी प्रार्थना नसते. हा आक्षेप मान्य करायला हरकत नाही. पण मग तो दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. प्रार्थनेची अशी परीक्षा होऊ शकत नसेल, तर ‘अमक्या ठिकाणी जाऊन गाठ विरघळली’ अशी जाहिरातही करता येत नाही. आकडा बाजूने आला तर तो पुरावा आणि विरोधात गेला तर ‘श्रद्धेला मोजता येत नाही’, हा व्यवहार प्रामाणिक नाही.

आकडा बाजूने आला म्हणून लगेच हुरळून जाण्यातही अर्थ नाही. इस्रायलमधील डॉ. लिओनार्ड लिबोव्हिची यांनी रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३,३९३ रुग्णांच्या जुन्या नोंदी घेतल्या, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. हे रुग्ण १९९० ते १९९६ या काळातले होते आणि प्रार्थना झाली २००० मध्ये. त्यांचे जे व्हायचे ते कधीच होऊन गेले होते. तरीही प्रार्थना झालेल्या गटाचे ताप आणि रुग्णालयातले दिवस कमी निघाले. २००१ मध्ये ‘बीएमजे’च्या नाताळ अंकात हा लेख आला. अर्थ लागत नसलेल्या गोष्टीची चाचणी घेतली तर आकडेशास्त्रही कधीकधी ‘हो’ म्हणते, हा त्यातला धडा. एका चाचणीवर विसंबू नये, हा नियम प्रार्थनेला आहे तसाच नव्या औषधालाही आहे.

डॉक्टरांच्या विश्वासालाही सूट नाही

हा नियम डॉक्टरांनाही लागू आहे, हे सांगितले नाही तर ते अन्यायाचे होईल. हृदयविकाराचा झटका आलेल्या अनेकांच्या हृदयात जादा ठोके पडतात. ते औषधाने थांबवले की रुग्ण वाचतील, हे तर्काला पटत होते आणि जगभरातले डॉक्टर ती औषधे देत होते. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी जादा ठोके थांबत होते, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू खोट्या गोळीच्या गटापेक्षा जास्त होते. पदवी, अनुभव, चांगला हेतू आणि पटणारा तर्क हे सगळे असूनही विश्वास चुकीचा निघाला. औषधशास्त्राचे मोठेपण यात आहे, की तो तपासला गेला आणि सोडून देण्यात आला. मांत्रिकाकडून जी अपेक्षा करायची, तीच डॉक्टरकडून, आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या चिकित्सकाकडून आणि ‘क्वांटम ऊर्जा’ विकणाऱ्याकडूनही करायची. विज्ञानाचे शब्द उसने घेणाऱ्याने विज्ञानाची परीक्षाही द्यायला हवी.

मग श्रद्धेने शरीराला काहीच होत नाही का? होते, पण त्याला मर्यादा आहे. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दम्याच्या रुग्णांचा एक छोटा पण बोलका अभ्यास आला. त्यांना कधी खरा पंप दिला, कधी औषध नसलेला पंप, कधी खोटे अॅक्युपंक्चर, तर कधी काहीच नाही. ‘किती बरे वाटले?’ असे विचारल्यावर खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५ टक्के आणि खोट्या अॅक्युपंक्चरने ४६ टक्के सुधारणा रुग्णांनी सांगितली, म्हणजे जवळपास सारखीच. फुंकर मारायच्या यंत्राने फुप्फुसांची ताकद मोजली तेव्हा खऱ्या पंपाने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली, बाकी सगळ्यांनी जेमतेम ७ टक्क्यांनी.

विश्वासाने बरे वाटते, आणि ते वाटणे खोटे नसते. वेदना, मळमळ, भीती, निद्रानाश यांत ते मोलाचे आहे. पण अंगावर दमा वाढत असताना केवळ बरे वाटणे धोक्याचे आहे, कारण रुग्ण घरीच थांबतो. ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ यांतले अंतर ओळखण्यासाठीच पुरावा लागतो.

किंमत कोण मोजणार?

आत्मा आहे का, मृत्यूनंतर काय, या दुःखाला अर्थ काय, हे प्रश्न मात्र नळीत रक्त घेऊन सुटणारे नाहीत. त्यांची उत्तरे मानणाऱ्याला पुरावा देण्याची सक्ती नाही, न मानणाऱ्यालाही ती स्वीकारण्याची सक्ती नाही. आषाढीला शेकडो किलोमीटर चालत जाणारा वारकरी विठ्ठलाकडे पुरावा मागत नाही, आणि पायाला फोड आला की वाटेतल्या आरोग्य पथकाकडून मलमपट्टी करून घ्यायलाही त्याला संकोच वाटत नाही. नवसासायासाची तुकोबांनी उडवलेली खिल्ली याच परंपरेतली आहे.

आईच्या प्रेमाचे उत्तरही इथेच मिळते. प्रेमाचा पुरावा कुणी मागत नाही, हे खरे. पण आईचे कितीही प्रेम असले तरी तापलेल्या बाळाला द्यायच्या औषधाची मात्रा वजनावरच ठरते.

कायद्यानेही ही रेषा जवळपास इथेच आखली आहे. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदातले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच वर्षी आला. त्यात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. श्रद्धा ठेवणे हा गुन्हा नाही, उपचार अडवणे हा गुन्हा आहे.

म्हणून कुठल्याही श्रद्धेपुढे उभे राहिल्यावर एक प्रश्न उपयोगी पडतो : हे चुकीचे निघाले तर किंमत कोण मोजणार? सज्ञान माणसाने सगळे समजून स्वतःपुरता उपचार नाकारला, तर डॉक्टर समजावू शकतो, बळजबरी करू शकत नाही. पण किंमत मोजणारा झटके येणारा मुलगा असेल, बाळंतपणानंतर भ्रमिष्टासारखी वागणारी सून असेल किंवा बेशुद्ध म्हातारा बाप असेल, तर निर्णय घेणाऱ्याची श्रद्धा पुरेशी नाही. तिथे पुरावाच हवा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तिथे आणणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नव्हता. किंमत मात्र बांधलेल्यांनी मोजली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे.

याच देशात दुसरे उदाहरणही आहे. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारात ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यातले मुजावर आलेल्या रुग्णासाठी दुआ करतात आणि त्याला तिथेच मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवतात. इथे कुणी कुणाचा देव काढून घेतला नाही, आणि औषधाची जागा दुआने घेतली नाही.

सरकारी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णासाठी दोन-तीन मिनिटेच मिळतात. तेवढ्यातही ‘बाहेरचे काही केले का?’ हा प्रश्न न चिडता विचारता येतो. चिडून विचारला तर रुग्ण लपवतो, आणि लपवलेली जडीबुटी यकृतावर किंवा मूत्रपिंडावर उमटल्यावरच कळते. उपवास किंवा रोजे धरणाऱ्या मधुमेहीला ‘सोडून द्या’ म्हणण्यापेक्षा आधी बोलावून औषधाच्या वेळा आणि मात्रा बदलून देणे, आणि ज्याला उपवास झेपणारच नाही त्याला ते स्पष्ट सांगणे जास्त उपयोगाचे. नातेवाइकांनीही देवाला हात जोडावेत, अंगारा लावावा, वाटल्यास नवस बोलावा. फक्त साप चावल्यावर गाडी आधी रुग्णालयाकडे वळवावी. नारळ नंतरही फोडता येतो.